नवरा म्हणतो, फ्लॅट तू घे पण मुलीसाठी दरमहा काही मागू नकोस. घटस्फोटाच्या कागदावर सही करू का?

सही करू नका. निदान या महिन्यात तरी नको.

मी वकील नाही. एका कारखान्यात अकाउंट्स बघते, त्यामुळे तुम्ही दिलेले आकडे आधी मांडून बघते. फ्लॅट दोघांच्या नावावर, आजची किंमत ५८ लाख, कर्ज बाकी ३१ लाख, हप्ता २९,०००, तुमचा पगार ३५,०००, मुलगी सात वर्षांची. म्हणजे त्या फ्लॅटमध्ये खरोखर तुमचं दोघांचं आहे ते २७ लाखांचं. त्यातलं निम्मं तसंही तुमचंच धरलं, तर नवरा देतोय साडेतेरा लाख, ५८ नव्हे. मुलगी अठराची होईपर्यंत १३२ महिने आहेत. भागाकार केला की महिन्याला १०,२०० च्या आसपास येतात, आणि अकरा वर्षांत त्यात रुपयाचीही वाढ नाही. वर कर्ज तुमच्या गळ्यात. हप्ता भरून उरलेल्या सहा हजारांत तुम्ही दोघींनी जेवायचं. दानशूरच माणूस म्हणायचा!

"निम्मी मालमत्ता कायद्याने मिळतेच ना?" असं तुम्ही विचारलंय. नाही मिळत. लग्न मोडलं की सगळ्याचे दोन भाग, असा कायदा आपल्याकडे नाही. बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१० मध्ये आलं होतं, २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूरही केलं, पण पुढे ते कायदा झालंच नाही. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, मालमत्ता नवराबायकोची सामाईक धरतात. माझी वेंगुर्ल्याची मावशी म्हणायची, बांद्याच्या पलीकडे, गोव्यात दिली असती तुला तर हा घोळच नव्हता.

तुमचं नाव फ्लॅटवर आहे ही तुमची जमेची बाजू. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे दोघांनी मिळून घेतलेल्या जागेत ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा, आणि कोणी किती घातले ते सिद्ध होत नसेल तर दोघांचा सारखा. "हप्ते माझ्या खात्यातून गेले" हे वाक्य उद्या येणारच. म्हणून सुरुवातीला बिल्डरला दिलेल्या पैशांत तुमचं किंवा माहेरचं काय गेलं, त्याच्या नोंदी आत्ताच बँकेतून काढून ठेवा. दागिने विकून भरले असतील तर सराफाची पावती शोधा. स्त्रीधन तर या वाटाघाटीत येतच नाही. ते फक्त तुमचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलंय. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर आत काय काय आहे त्याची यादी करा, फोटो काढा.

आता मुलीचे पैसे. माझं खरं सांगणं इथे आहे: घराचा हिशोब आणि मुलीची पोटगी एका ताटात वाढू नका. घर तुम्हा दोघांमधला व्यवहार आहे, तिथे तुम्ही हवं ते सोडा. पोटगी मुलीचा हक्क आहे. तिच्या वतीने तो सोडून द्यायचा अधिकार तुम्हालाही नाही. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरते. त्याच्या कलम २६ मध्ये मुलांचा ताबा, पोटगी, शिक्षण यांबद्दल न्यायालय आदेश देतं आणि घटस्फोटानंतरही ते बदलू शकतं. म्हणजे तुम्ही "काही नको" असं लिहून दिलंत तरी दार कायमचं बंद होत नाही. पण पुन्हा वकील, पुन्हा तारखा. सुखासुखी कोण त्या पायऱ्या चढेल?

माझ्या वेळी मुलगी सहा वर्षांची होती. नवरा म्हणाला, पाच हजार देतो. मी भांडले नाही, एक वही घातली. शाळेची फी महिन्याला पडते ४,५००, व्हॅन १,६००, पाळणाघर ४,०००, वह्यापुस्तकं आणि गणवेश ८००, डॉक्टर-औषधं ७००, कथकचा क्लास ९००, खाणंपिणं-कपडे ४,५००. झाले १७,०००, घरभाडं न धरता. आम्ही अंतरिम पोटगीचा, म्हणजे दावा चालू असतानाच्या पोटगीचा, अर्ज केला होता, त्यामुळे दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने ते बंधनकारक केलंय. (तो खटला आपल्या नागपूरचा. अंतरिम पोटगीचा वाद २०१३ पासून थेट दिल्लीपर्यंत गेलेला.) पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरावी, हेही त्याच निकालात आहे. म्हणून "आधी बोलून बघू" म्हणत वर्ष घालवू नका.

तर प्रतिज्ञापत्राला त्याची पगारपत्रकं जोडलेली होती. हातात पडणारा पगार ४८,०००. वकीलबाईंनी मान डोलावली. मी रोज तीनशे माणसांची पगारपत्रकं बघते; मी कपातीचा रकाना वाचला. पीएफ सक्तीचा असतो त्याहून कितीतरी जास्त, आपखुशीने वाढवलेला, आणि पतपेढीच्या कर्जाचा हप्ता. दोन्ही मिळून २४,०००, दोन्ही आमचं बिनसल्यानंतर सुरू झालेले. सक्तीची कपात सोडून हातात यायला हवे होते ७२,०००. माझा पगार तेव्हा ३६,०००. आईवडील दोघे कमावते असतील तर खर्च कमाईच्या प्रमाणात वाटावा, हे तत्त्व न्यायालयांनी अनेकदा वापरलंय. दोनास एक. सतरा हजारांतले अकरा हजार तीनशे त्याचे.

त्यानंतर त्याचा सूर बदलला आणि आम्ही म्युच्युअलवर, म्हणजे परस्परसंमतीच्या घटस्फोटावर आलो. ठरले ११,०००. मी तिथेच सही करणार होते. समुपदेशक बाईंनी विचारलं, "ही दहावीला जाईल तेव्हा किती लागतील?" मी गप्प. मग दर जूनला दहा टक्के वाढ लिहून घेतली. चार वर्षं झाली, आज ती रक्कम १६,१०० आहे, आणि तेवढ्यातही ओढाताण होते.

तुमच्या नवऱ्याच्या पगाराबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. मला वाटतं तुम्हाला तो माहीत नसावा. तो कळेपर्यंत कुठल्याही आकड्याला हो म्हणू नका. पंचवीस टक्क्यांचा नियम आहे असं कोणी सांगितलं तर तेही मनावर घेऊ नका. २०१७ च्या एका निकालात बायकोच्या पोटगीसाठी तेवढं प्रमाण योग्य म्हटलं होतं, तो सरसकट नियम नाही.

वकिलाचे पैसे नाहीत असं लिहिलंय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पोटगी-घटस्फोटाच्या दाव्यात महाराष्ट्रात बायकांना न्यायालय शुल्कही माफ आहे.

आणि शेवटी फ्लॅटच घ्यायचं ठरलं, तर क्रम चुकवू नका. बँकेला घटस्फोटाचं सोयरसुतक नसतं. कर्जावर दोघांची नावं असतील तर ती दोघांकडूनही वसूल करते. आधी एकट्या तुमच्या पगारावर बँक कर्ज ठेवेल का ते विचारा. राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा बायकोला करून देतो तेव्हा महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की तुम्ही बायको राहत नाही आणि ही सवलतही राहत नाही. तुमच्या अटींमध्ये असं बक्षीसपत्र बसतं का, ते वकिलाकडून आधीच तपासून घ्या.

मसुद्यात "पूर्ण व अंतिम" हे शब्द कुठे आहेत ते शोधा. ते तुमच्या स्वतःच्या पोटगीबद्दल असतील तर तुमचा तुम्ही विचार करा. त्याच वाक्यात मुलीचं नाव असेल, तर तेवढं खोडायला सांगा आणि मगच पुढचं पान उलटा.