सायबर हल्ल्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

वेबसाइटवर हल्ला झाला तर त्याचा भुर्दंड मालकानेच का सोसायचा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते, ज्याला तो हल्ला सगळ्यात स्वस्तात रोखता आला असता त्याने सोसावा. आणि तो बहुतेक वेळा साइटचा मालक नसतो.

मी सर्व्हर सांभाळतो. एका छोट्या संस्थेच्या साइटवर रात्री दोनच्या सुमाराला ट्रॅफिकचा लोंढा आला. सकाळी होस्टिंग कंपनीने साइट बंद केली आणि वर त्या लोंढ्याने खाल्लेल्या बँडविड्थचं बिलही पाठवलं. सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, उघडले तर हजारो आयपी पत्ते (इंटरनेटवरचे कनेक्शनचे पत्ते), बरेचसे घरगुती कनेक्शनचे. त्या घरांत कुणाला गंधवार्ताही नसणार. संस्थेने निमूटपणे बिल भरलं. मला ते अजून सलतं.

२०१६ चं मिराई बॉटनेट घ्या. बॉटनेट म्हणजे मालकाच्या नकळत ताब्यात घेतलेल्या उपकरणांची फौज, जी एकाच वेळी एखाद्या साइटवर ट्रॅफिकचा लोंढा सोडते. कॅमेरे, डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारी यंत्रं), राउटर यांच्यावर कारखान्यातूनच आलेले ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ छापाचे पासवर्ड होते. नाव-पासवर्डच्या अशा साठेक जोड्या एकामागून एक लावून बघायच्या आणि उपकरण ताब्यात घ्यायचं, एवढीच युक्ती. २१ ऑक्टोबरला मिराईच्या लोंढ्याने डाइन कंपनीची डीएनएस सेवा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी) कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससुद्धा अनेकांना उघडेनात. मिराई लिहिणारे तिघे पकडले गेले, २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूलही केला. पण असे हल्लेखोर सहसा सापडतच नाहीत, आणि सापडले तरी एवढं नुकसान ते कुठून भरून देणार? कॅमेऱ्याच्या कंपनीला मात्र प्रत्येक नगाला वेगळा पासवर्ड द्यायला कितीसा खर्च आला असता! ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे सरसकट पासवर्ड कायद्याने बंद केले. हे फार आधी व्हायला हवं होतं.

इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. हल्लेखोर बऱ्याचदा पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लावतात; असं खोटा पत्ता लावून निघालेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, आपल्या दारातच अडवा, ही शिफारस २००० सालापासून लेखी आहे. तरी सगळे ती पाळत नाहीत, कारण खर्च त्यांचा आणि फायदा दुसऱ्याच्या नेटवर्कचा.

मालकाचाही वाटा कधी कधी असतो. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय मे २०१७ मध्ये पसरलं, पण ते ज्या फटीतून शिरायचं ती बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मार्चमध्येच आला होता. दोन महिने अपडेट टाळणाऱ्याने थोडा भार उचलावा, हे मला मान्य आहे. पण लोंढ्याच्या हल्ल्यात मालकाने काय चूक केलेली असते?

तुमची साइट असेल तर होस्टिंगचा करार आजच काढून वाचा. हल्ल्याच्या ट्रॅफिकचे पैसे कुणी द्यायचे, हे त्यात लिहिलेलं नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. आम्ही ते घेतलं नव्हतं.