भूकंपाची ‘तीव्रता’ नक्की कुणाची?

प्रश्न असा आहे की ६ फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानच्या भूकंपाची तीव्रता बातमीत ७.८ दिलीये, आणि दुसऱ्या एका लेखात त्याच भूकंपाच्या तीव्रतेचे आकडे शहरागणिक वेगळे दिलेत, तर बरोबर कोण? दोघंही बरोबर आहेत, गोची आपल्या शब्दाची आहे. मॅग्निट्यूड आणि इंटेन्सिटी या दोन वेगळ्या गोष्टींना आपण सरसकट ‘तीव्रता’ म्हणून मोकळे होतो.

खरं तर मराठी क्रियापदं हा फरक आपोआप करतात. भूकंप ‘होतो’, धक्का ‘बसतो’. होतो तो एकदाच, बसतो तो गावोगाव वेगवेगळा. फॉल्ट (म्हणजे जमिनीखालच्या खडकातली भेग) किती लांब फाटला आणि दोन्ही बाजू किती सरकल्या त्यावरून निघतो तो मॅग्निट्यूड, म्हणजे अख्ख्या भूकंपाला एकच आकडा. आणि तुमच्या पायाखालची जमीन किती हलली, भिंतीला तडे गेले का भिंतच पडली, यावरून ठरते ती इंटेन्सिटी, मर्काली स्केलवर १ ते १२.

आता तीव्र वेदना, तीव्र वास, यात सोसणारा कुणीतरी लागतोच (तीव्र उतार म्हणाल तर तोही चढणाऱ्यालाच कळतो!), म्हणून माझ्या मते ‘तीव्रता’ इंटेन्सिटीसाठीच राखून ठेवावा.

हा नुसता शब्दांचा कीस नाहीये. १९८५ चा मेक्सिकोचा भूकंप ८.० चा, केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब, तरी मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या गाळावर जमीन साधारण दोन सेकंदांच्या लयीत झुलत राहिली आणि त्याच लयीत डोलणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. तिथलं जमिनीचं त्वरण ०.१७ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), आणि त्याच शहरात कडक खडकावर त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा. म्हणजे भूकंप तोच, शहरही तेच, पण तीव्रता दोन वेगवेगळ्या. उलट १९९४ चा कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजचा भूकंप फक्त ६.७ चा, तरी जवळच्या टारझानाच्या यंत्रावर १.७ जीच्या वर आकडा गेला.

‘केंद्रबिंदू’ हा शब्द पण असाच चकवतो, फॉल्ट जिथून फाटायला लागतो तेवढीच ती जागा. तुर्कस्तानात तो पुढे तीनशेहून जास्त किलोमीटर उसवत गेला, त्यामुळे केंद्रबिंदूपासून शंभरावर किलोमीटर लांबचं अंताक्या शहर पार उद्ध्वस्त झालं, कारण फॉल्ट लांब नव्हताच.

मग मॅग्निट्यूडला काय म्हणायचं? ‘परिमाण’ चालतो पण कोरडा वाटतो. मला ‘प्रत’ आवडतो, कारण भूकंपशास्त्रज्ञ रिश्टरने १९३५ मध्ये मॅग्निट्यूड हा शब्द खगोलशास्त्रातून उचलला होता आणि ताऱ्यांच्या मॅग्निट्यूडला आपण ‘प्रत’च म्हणतो. फक्त ताऱ्यांचं उलटं, तिथे आकडा लहान तितका तारा ठळक, तेवढी अडचण आहे खरी. नाहीतर सरळ मॅग्निट्यूड लिहा, लोकांना कळतं.

‘७.८ रिश्टर स्केलचा भूकंप’ मात्र नको. स्केल म्हणजे एकक नाही, ‘१०२ थर्मामीटर ताप आला’ असं कुणी म्हणतं का? आणि मोठ्या भूकंपांना हल्ली रिश्टरचं माप वापरतही नाहीत, मोमेंट मॅग्निट्यूड (वर सांगितलेलं, फॉल्टच्या फाटण्या-सरकण्यावरून निघणारं माप) वापरतात, त्यामुळे त्या वाक्यातला रिश्टर तसाही फुकटच.