सीईओला ८० कोटी मिळाले की डोकं फिरतं, क्रिकेटरला २७ कोटी मिळाले की टाळ्या. असं का, आणि हे बरोबर आहे का?

प्रश्न असा होता की कलाकार आणि खेळाडू हे कंपन्यांच्या मोठ्या साहेबांपेक्षा श्रीमंतीला जास्त लायक आहेत का, कारण निदान ते स्वतः घाम तरी गाळतात.

माझं उत्तर, हो, थोडे जास्त लायक आहेत. पण घामाचं कारण मला अजिबात पटत नाही. घामाचे पैसे मिळत असते तर आमच्याकडे दर हंगामात ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांनी आतापर्यंत बंगले बांधले असते. घाम सोडून द्या, मी वेगळंच बघतो, माणसाचा भाव कोणी ठरवला आणि खेळ पडला तर तो सुपारी परत करतो का.

सुपारी म्हणजे मारामारीची नाही हो, तमाशाची, खेळ ठरवताना गाव देतं ते पैसे. मी जुन्नर तालुक्यातला, नारायणगाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि माझा एक चुलता, आम्ही त्याला नाना म्हणतो, आयुष्यभर तमाशाच्या फडात सुरत्या होता. सुरत्या म्हणजे मागे उभं राहून झील धरणारा, गाणं वर चढलं की आवाज लावणारा. मी स्वतः पुण्यात आयटीत, चौदा वर्षं झाली. त्यामुळे करमणुकीचा धंदा घरात आणि साहेबांचा धंदा ऑफिसात, असं दोन्ही बघितलंय.

आधी ऑफिसातलं. २०२४ ला दिवाळीनंतर आम्हाला हाइकचं लेटर आलं, चार टक्के, आणि टाउनहॉलमध्ये सांगितलं की मार्केट खराब आहे, सगळ्यांनी समजून घ्यायला पाहिजे. समजून घेतलं. त्याच महिन्यात आयपीएलचं ऑक्शन झालं, ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतला आणि आमच्या फ्लोअरवर लोक असे खूश की जणू पैसे यांच्याच खात्यात येणारेत. मग काही महिन्यांनी बातमी आली की इन्फोसिसचे सीईओ सलील पारेख यांचं २०२४-२५ चं पॅकेज ८० कोटींच्या वर गेलं, त्यातले निम्म्याहून जास्त शेअरच्या रूपात, तर तेच लोक चहाच्या टपरीवर शिव्या घालायला लागले. (माझी कंपनी ही नव्हे, उगाच अंदाज बांधू नका.) शिव्यांचं कारणही तसंच आहे म्हणा, आयटीत फ्रेशरला साडेतीन लाखाच्या आसपासच पॅकेज मिळतंय गेली कित्येक वर्षं. म्हणजे ८० कोटी भागिले साडेतीन लाख, दोन हजारपेक्षा जास्त पोरं बसतात त्यात.

पण पंतच्या २७ कोटींत किती पोरं बसतात हे कोणी मोजलं नाही. का?

यावर एका अमेरिकन तत्त्वज्ञाचं, रॉबर्ट नोझिकचं, १९७४ सालचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याने विल्ट चेंबरलेन या बास्केटबॉलपटूचं नाव घेतलं. समजा प्रेक्षक तिकीट काढताना पंचवीस सेंट वेगळे काढून चेंबरलेनच्या नावाच्या पेटीत टाकतात, स्वखुशीने, आणि असे दहा लाख लोक आले तर त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. प्रत्येकाने आपल्या मर्जीने दिले, मग त्यात अन्याय कुठे झाला? हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण ही पेटी आपल्याकडे आधीपासून आहे, दौलतजादा म्हणतात तिला. फडात नाही, संगीत बारीत, म्हणजे थिएटरातल्या लावणीच्या बैठकीत. चौफुल्याला किंवा मोडनिंबला बैठकीत बसलेला माणूस नोट काढतो, आपल्या पसंतीची लावणी सांगतो, नोट थेट नाचणारीच्या हातात. यापेक्षा स्वच्छ व्यवहार काय असणार, दिलं कोणी, कशासाठी, किती, सगळं समोर.

फक्त नोझिकने पेटीचं पुढे काय होतं ते बघितलं नाही. बारीत त्या पैशातून थिएटरमालकाचा वाटा जातो, मग बाजाची पेटी वाजवणारा, ढोलकीवाला, मागे बसलेल्या बाया, आणि शेवटी उरतं ते तिचं. तिच्या नावाने पडलेला पैसा सगळा तिचा कधीच नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, परत येतो मी त्यावर.

आता साहेबाची पेटी बघा. त्याच्या नावाने कोणी चार आणे टाकत नाही. मी साबण घेतो तेव्हा त्या कंपनीचा सीईओ कोण हे मला माहीतसुद्धा नसतं. त्याचा पगार बोर्डाची एक कमिटी ठरवते, त्या कमिटीत बहुतेक इतर कंपन्यांतले आजी-माजी साहेबच असतात, आणि ते बघतात काय तर बाकीच्या साहेबांना किती मिळतंय. याला मार्केट रेट म्हणतात. लग्नात आहेर ठरवताना घरातल्या बायका वही काढून बघतात ना, त्यांनी आपल्याला काय दिलं होतं, तसंच हे.

कायदाच नाही असं नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे की पब्लिक कंपनीत एका मॅनेजिंग डायरेक्टरला नफ्याच्या ५ टक्के आणि सगळ्या डायरेक्टरांना मिळून ११ टक्के, त्याच्या वर द्यायचं तर शेअरहोल्डरांकडे जा, आणि ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडायची तर ७५ टक्के मतं मिळवा. लिस्टेड कंपनीला साहेबाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे तेही दरवर्षी छापावं लागतं. आणि कधीकधी गंमत होते. २०२१ मध्ये आयशर मोटर्स, म्हणजे आपली बुलेट बनवणारी, तिथे मॅनेजिंग डायरेक्टर सिद्धार्थ लाल यांची परत नेमणूक आणि वाढीव पगार एकाच ठरावात होता, मतं पडली ७३ टक्के, ठराव पडला! बोर्डाला पगाराची मर्यादा खाली आणून नवा ठराव आणावा लागला. पण अशा गोष्टी बातमी होतात म्हणजेच त्या क्वचित होतात. एरवी ठराव येतो, हात वर होतात, चहा-बिस्किटं.

तर भाव कोणी ठरवला या प्रश्नात कलाकार जिंकतो. नारायणगावला याचं सगळ्यात चांगलं दर्शन होतं. होळीच्या आगेमागे तिथे तमाशा मंडळांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी गाड्या करून येतात, आपल्या यात्रेची तारीख सांगतात आणि उन्हात उभं राहून घासाघीस चालू होते. या फडाची नायकीण चांगली, त्या फडाचा वग जुना झाला, मागच्या साली तुम्ही दोनच तास खेळ केला, सगळं तोंडावर. भाव गर्दीसमोर फुटतो. आणि खेळ अर्धवट राहिला, पाऊस आला, टेम्पो घाटात बंद पडला, तर गाव उरलेले पैसे देत नाही, वर दिलेले परत मागतं. लहान असताना एकदा मी नानाला विचारलं होतं, तू काय साहेब होणार का, तर म्हणाला, साहेबाचं बरं असतं रे, त्याला कोण सुपारी परत मागत नाही. मी तेव्हा हसलो होतो. पुढे मी एका ठिकाणी होतो तिथे मोठ्या साहेबाने दोन वर्षांत अख्खं युनिट बुडवलं, आमच्यातली निम्मी पोरं घरी गेली आणि साहेब मात्र चांगलं पाकीट घेऊन सन्मानाने बाहेर पडले, केक पण कापला. तेव्हा नाना आठवला.

आता इथे कोणीतरी म्हणणार की सिनेमाचा हिरो तरी कुठे परत करतो. बरोबर, करत नाही. पिक्चर पडला तर मरतो निर्माता, हिरोचं मानधन आधीच ठरलेलं आणि बरंचसं खिशात. काही जण पुढच्या पिक्चरला कमी घेतात, काही नाही घेत. म्हणून मी सगळ्या कलाकारांना एका रांगेत बसवत नाही. फिक्स मानधन घेऊन पडेल पिक्चर देणारा हिरो मला साहेबाच्याच जातीचा वाटतो, आणि स्वतःचं सगळं लावून कंपनी उभी करणारा माणूस फडमालकाच्या जातीचा. जाहिरातींचं तर बोलूच नका. वेलचीच्या नावाखाली पानमसाल्याला चेहरा देऊन मिळालेले कोटी कुठल्या कलेचे?

आणि पंतचे २७ कोटीसुद्धा प्रेक्षकांनी नाही दिले, एका उद्योगपतीने दिले. फक्त हात सगळ्यांसमोर वर केला, टीव्हीवर, म्हणून आपल्याला ते खपतं.

आता त्या पेटीकडे परत येतो, कारण मला खरं बोलायचंय ते हेच. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे मीडिया हक्क गेले ४८,३९० कोटींना. म्हणजे वर्षाला साधारण साडेनऊ हजार कोटींच्या वर. २०२५ ला एका टीमला ऑक्शनसाठी, राखलेले खेळाडू धरून, मर्यादा होती १२० कोटी, दहा टीम, झाले १,२०० कोटी. नुसत्या मीडिया हक्कांशी तुलना केली तरी खेळाडूंच्या वाट्याला, मॅच फी वगैरे सोडून, रुपयातले बारा-तेरा पैसे, बाकी स्पॉन्सर, तिकिटं धरलीच नाहीत. अमेरिकेत एनबीएमध्ये खेळाडूंची युनियन आहे, करार आहे, आणि बास्केटबॉलच्या उत्पन्नाचा जवळपास अर्धा हिस्सा खेळाडूंना जातो. म्हणजे आपण पंतच्या २७ कोटींवर वाद घालत बसतो आणि तंबूचा मालक बाजूला शांतपणे गल्ला मोजतोय. कलाकार की साहेब ही कुस्तीच खोटी आहे थोडी, कारण कलाकाराचा पैसा जातो त्यातला बराचसा साहेबांकडेच.

आणि वर पोचलेल्यांकडे बघून अख्ख्या धंद्याला श्रीमंत म्हणणं हे तर फारच झालं. शेरविन रोझेन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९८१ साली हे मांडलं होतं की जो थोडासाच जास्त चांगला आहे त्याला प्रचंड जास्त पैसे मिळतात, कारण रेकॉर्ड आणि टीव्हीमुळे एकच माणूस सगळ्या जगाला पुरतो, मग दुसऱ्या नंबरचा कोणी कशाला ऐकेल. गुण तेवढाच, पोच वाढली. हे उलट्या बाजूने बघायचं असेल तर आमच्या तमाशातल्या विठाबाई बघा, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपती पुरस्कार. पोटात नऊ महिन्यांचं मूल असताना स्टेजवर उभ्या राहिल्या, खेळ चालू असताना आत जाऊन बाळंत झाल्या आणि परत नाचायला आल्या, ही गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. घाम म्हणता ना? यापेक्षा जास्त काय द्यायचं राहिलं होतं त्या बाईने? शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ ला गेल्या आणि दवाखान्याचं बिल लोकांनी वर्गणी काढून भरलं. आता त्यांच्या नावाने सरकार दरवर्षी पुरस्कार देतं. त्यांचं नाव पंचक्रोशीच्या बाहेर, अख्ख्या महाराष्ट्रात होतं, पण तंबूत मावतील तेवढ्याच लोकांकडून एका रात्रीचे पैसे यायचे, आणि सॅटेलाइट नव्हता.

म्हणून कोणी मला म्हणालं की कलाकार श्रीमंतीला लायक आहेत तर मी विचारतो, कुठला कलाकार? सांगलीची स्मृती मानधना २०२३ च्या पहिल्या डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांच्या आयपीएलच्या, ऑक्शनला ३ कोटी ४० लाखांना गेली, सगळ्यात महागडी, मला मनापासून आनंद झाला. पण तिच्या आधीच्या पिढीतल्या पोरी रेल्वेच्या सेकंड क्लासने मॅचला जायच्या, त्या काय कमी चांगल्या खेळायच्या?

सुरत्याची गोष्ट राहिलीच. फडात माणूस हंगामाच्या सुरुवातीला मालकाकडून उचल घेतो, दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत नाचून-गाऊन ती फेडतो, आणि फिटली नाही तर पुढच्या सालीही तोच फड. नानाची तीस वर्षं अशीच गेली. मध्यंतरी सरकारने वृद्ध कलावंतांचं मानधन महिना ५,००० केलं, तर मी म्हटलं अर्ज करू. त्याला इतक्या वर्षांच्या कलेचा पुरावा लागतो. पगाराची स्लिप तर सोडाच, फोटोसुद्धा नाही, मागे उभ्या असलेल्या सुरत्याचा फोटो कोण काढतो. ट्रंकेत शोधून शोधून एक हँडबिल सापडलं, गुलाबी कागदाचं, घडीवर फाटलेलं. वर मालकाचं नाव सगळ्यात मोठ्या टायपात, त्याच्याखाली नायकिणीचं जरा लहान, मग सोंगाड्याचं, ढोलकीवाल्याचं, आणि अगदी तळाला प्रेसच्या नावाशेजारी "व इतर सर्व कलावंत".

नाना त्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाला, हा बघ मी. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या याने काम होणार नाही, सरपंचाचा दाखला आणा. तो आणलाय, अर्ज दिलाय, बघू.