सातबाऱ्यावर नाव लावण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. रात्री साडेअकराचा आहे, म्हणजे ऐरोलीहून सुटल्यावर गाडीतच खरडलेला दिसतो. ‘बाबा बहात्तरचे झाले, तरी सातबाऱ्यावर माझं नाव लावायचा विषय काढला की उठून जातात.’ उठून जातात, पण नाही म्हणत नाहीत, हे तुझ्या ध्यानात आलंय का?

नाव लाव म्हटलं की म्हाताऱ्या माणसाला ऐकू येतं, आता तुम्ही सुटा. माझ्या वडिलांनाही तेच ऐकू आलं होतं. मी तेव्हा तुझ्याहून उतावळा. भात कापून झालं होतं, खळ्यावर झोडणी चालू होती आणि मी सगळ्यांसमोर विचारलं. ते काही बोलले नाहीत. हातातलं सूप खाली ठेवलं आणि गोठ्याकडे गेले. पुढे चार वर्षं तो विषय घरात निघाला नाही. पाचव्या वर्षी ते गेले.

म्हणून माझं पहिलं सांगणं, वर्षभर सातबाऱ्याचं नाव काढू नकोस. भाताचं एक खाचर माग. ओढ्याकडचं खालचं मागू नकोस, तो बाबांचा जीव आहे. वरच्या अंगाचं माग. बियाणं कुठलं, रोपांसाठी राब कधी भाजायचा, आवणीला म्हणजे रोपं लावायला माणसं किती, खत कधी, सगळं तू ठरव आणि पैसाही तुझाच घाल. चुकलास तर एका खाचरात चुकशील. बाबा बांधावर उभे राहून बडबडतील, ती ऐक. ती बडबड कुठल्या उताऱ्यावर सापडायची नाही.

एकदा आवणीनंतर त्यांच्यामागे बांधावरून चालून बघ. मी चाललोय, म्हणून सांगतो. ते खाली बघत नाहीत, टाचेनं चाचपत जातात. एके ठिकाणी टाच जरा आत गेली की थांबतात, हात घालतात आणि खेकड्याचं बीळ सापडतं. चिखलाचा गोळा दाबून ते बुजवतात आणि पुढे निघतात. ते बीळ राहिलं तर रात्रीतून बांध फुटतो, वरचं खाचर कोरडं पडतं आणि खालच्यातली रोपं वाहून जातात. दर पावसाळ्यात बांध कुठे फुटतो, जोराची सर आली की पाणी सोडायला बांधातली कुठली खांड आधी मोकळी करायची, शेजाऱ्याशी पाण्यावरून काय ठरलंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. ई-पीक पाहणीच्या ॲपवर तू भाताचा फोटो टाकशील, गट नंबरही दिसेल. खांड दिसणार नाही.

आता बहिणी. इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण मी स्वतः चुकलोय.

वडिलांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी दोघी बहिणींना हक्कसोडपत्रासाठी दुय्यम निबंधकाकडे नेलं. वकील म्हणाला होता, सगळे जमलेत तोवर उरकून घ्या. दोघींनी सह्या केल्या. त्यानंतर थोरलीनं नऊ वर्षं मला राखी बांधली नाही. शेवटी तिच्याच मुलाच्या लग्नात बोलली. म्हणाली, ‘सही मी केलीच असती रे. पण तू विचारलं नाहीस, गाडी पाठवलीस.’

तुझ्या दोघी बहिणींचा वडिलोपार्जित जमिनीत तुझ्याइतकाच हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं तो कायद्यात आला, आणि ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबरला, वडील हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. ‘पोरींच्या लग्नात खर्च केला, आता काय द्यायचं’ असं पारावर कुणी म्हणालं तर म्हणू दे. तू म्हणू नकोस. बाबांनी मृत्युपत्र केलं तरी वडिलोपार्जित जमिनीतला त्यांचा स्वतःचाच हिस्सा त्यात जातो, तुमच्या तिघांचा नाही.

पण हक्क सांगून झाला तरी खरा प्रश्न उरतोच, आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात तो फार तिखट आहे. तुमची अडीच एकर म्हणजे 100 गुंठे. भात म्हणून बघितलं तर तिघांत वाटण्यासारखं त्यात काही नाही, मजुरी वजा जाता वर्षाचे तांदूळ आणि थोडी हिवाळी भेंडी. भाव म्हणून बघितलं तर मात्र तिघांचे तीन फ्लॅट. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 2025 च्या जूनमध्ये सुरू झाला, आणि तेव्हापासून आमच्या चहाच्या टपरीवर रोज एखादा अनोळखी दलाल बसलेला असतो. म्हणून आधी हे कळू दे, की तुझ्या घरात शेत कोण वाटून घेतंय आणि भाव कोण. दोन्ही चालेल. दोघी बहिणींना पैसे हवे असतील तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तू शेत धरून बसलास आणि धाकटीचे यजमान मनात चौरस फुटांचा हिशेब करत असले, तर ते आज चहावर कळलेलं बरं.

बसाल तेव्हा तिघं बसा, आईला धरून चौघं, आणि बाबा असताना बसा. आई चुलीपाशी राहून ऐकते ही सवय मोडा. बाबांनंतर तिच्या हातात काय राहणार, हे सगळ्यात आधी ठरवा. मग कसणाऱ्यानं बाकीच्यांना दरवर्षी किती तांदूळ द्यायचे, उद्या रस्त्यात जमीन गेली तर मोबदला कसा वाटायचा, विकायची वेळ आली तर आधी कुणाला विचारायचं, हे साध्या वहीत लिहा. नवी मुंबईत माझी सासुरवाडी. सिडकोनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतून मिळायचा त्यांचा भूखंड कित्येक वर्षं अडला होता, कारण पणजोबांच्या मागचे वारसच कुणी नीट नोंदवले नव्हते. आजोबांच्या एका बहिणीची नातवंडं शेवटी पनवेलला सापडली.

कागदाचं थोडक्यात सांगतो. सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा, ऑनलाइन निघतात, पण मालकी कशी बदलत आली त्याच्या जुन्या नोंदी, म्हणजे फेरफार, मागवून वाच. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाची नोंद आहे का, सोसायटीचा बोजा फिटूनही कमी व्हायचा राहिलाय का, ‘कुळकायदा कलम 43 ला पात्र’ असं काही लिहिलंय का, ते बघ. तसं असेल तर जमीन दुसऱ्याच्या नावे करायला परवानगी लागते का, ते आधी विचारून घे. बाबांनी हयातीतच बक्षीसपत्र केलं तर मुला-मुलीला शेतजमीन देताना मुद्रांक नाममात्रच लागतो, बाकीची फी वेगळी. वाटप तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली होतं, पण सगळे सहहिस्सेदार राजी हवेत. यातलं काय निवडायचं ते वकिलाला विचार. मला विचारलंस तर वहीतलं जमेपर्यंत यातलं काहीच करू नकोस.

एक राहिलं. बाबा उठून जातात तेव्हा तूही मोबाइल काढून बसत असशील. पुढच्या वेळी मागे जा. बहुतेक गोठ्याकडे किंवा बांधावरच जातील. काही बोलू नकोस, नुसता चाल.

रविवारी येणार असशील तर सकाळच्या गाडीनं ये, जुन्या चपला घालून. आणि येण्याआधी त्यांना विचारून ठेव, वरच्या खाचराची खांड कुठल्या अंगाला आहे. मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

तुझा काका