लेदरची जुनी मशीन, लोन आणि मधेच आलेली एक पॉलिसी

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक नोकरी सांभाळून संध्याकाळी लेदरच्या बॅगा हाताने शिवतात, महिन्याला 8 होतात. एक जुनी 'हेवी ड्युटी इंडस्ट्रियल' शिलाई मशीन 90 हजारात मिळतेय, नवीन दोन लाखाच्या पुढे जाते. मशीन आणि लेदरचा स्टॉक मिळून दीड लाखाचं पर्सनल लोन काढणार, 16 टक्के, तीन वर्षं. मशीन आली की महिन्याला 40 बॅगा निघतील म्हणतात. विचारलंय एवढंच की 90 हजार जास्त होतात का. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "पुढच्या महिन्यात पॉलिसीचा 60 हजाराचा हप्ता आहे, म्हणून लोन घ्यावंच लागेल."

अहो, खरा घोळ त्या शेवटच्या ओळीत आहे!

पॉलिसी काय, तर 10 वर्षं 60 हजार भरा आणि 15 वर्षांनी 9 लाख घ्या. चार हप्ते गेलेत. एजंटने "गॅरंटीड दीडपट" सांगितलं आणि तुम्ही खुश झालात, पण दीडपट व्हायला किती वर्षं लागतायत ते कोणी बघायचं? हिशोब केला तर वर्षाला जेमतेम 4 टक्के पडतात. म्हणजे एका हाताने 16 टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि दुसऱ्या हाताने 4 टक्क्यांवर ठेवायचे. असलं प्रॉडक्ट गुंतवणूक म्हणून विकणाऱ्यांचा मला खरंच वैताग आलाय. आणि कव्हर किती, तर 6 लाख. बायको आणि दोन मुलं तुमच्या पगारावर आहेत, त्यांना 6 लाख किती वर्षं पुरणार?

पण म्हणून लगेच पॉलिसी तोडायला धावू नका. तुम्ही लिहिलंय की आज सरेंडर केली तर सव्वा लाखाच्या आत मिळतात, म्हणजे भरलेल्याचे निम्मे. त्यापेक्षा ती पेड-अप होते का ते विचारा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात पैसे शेवटी. दहातले चार भरलेत, तर ढोबळमानाने 9 लाखातले 3.6 लाख 11 वर्षांनी येतील. आजचे 1.2 लाख सोडून तेव्हा 3.6, हा दर 10 टक्क्यांच्या आसपास जातो, चांगलाच म्हणायचा. उलट उरलेले सहा हप्ते भरत बसलात तर 3.6 लाखाचे जास्तीचे 5.4 मिळणार, म्हणजे 5 टक्केसुद्धा नाहीत. नेमका आकडा मात्र कंपनीकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी नको. आणि हप्ता थांबवायच्या आधी साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे परतावा नसलेला निव्वळ जीवन विमा, हातात येऊ द्या, कारण पेड-अप झाली की ते 6 लाखाचं कव्हरही कमी होतं.

आता 40 बॅगांचं स्वप्न. तुमच्याच आकड्यांनी एका बॅगेला 10 तास लागतात, त्यातले 4 शिवण्यात. मशीनवर ते 4 तास अर्ध्या तासावर येतील हे मान्य, पण कापणं, कडा तासून पातळ करणं, चिकटवणं, कडा घासून पॉलिश करणं, बकल-रिव्हेट लावणं हे सगळं तुम्हीच करणार ना? बॅगेला साडेसहा तास. संध्याकाळचे तास तेवढेच असतील तर 8 च्या 12 होतील, 40 कुठून येणार? एका बॅगेमागे तुम्हाला 1,400 सुटतात, म्हणजे जास्तीच्या चार बॅगांचे 5,600, त्याही विकल्या गेल्या तर. आणि लोनचा ईएमआय सव्वापाच हजाराच्या वर! सगळी मेहनत बँकेची, वर तीन वर्षांत 40 हजार व्याज. हप्त्याचे 60 हजार वाचवून आणि बचतीतले 30 हजार घालून मशीन घेतली तर साधारण 16 महिन्यांत पैसे वसूल. लेदर ऑर्डरप्रमाणे आणा, आधी स्टॉक करून ठेवायची घाई कशाला?

राहिली मशीन. पत्रात मॉडेल नंबरच नाही, त्यामुळे 90 हजार जास्त की कमी ते कोण सांगणार? आणि 'इंडस्ट्रियल' म्हणजे जाड शिवणारी असं नसतं हो, शर्टाच्या कारखान्यात दिवसभर पळणारी मशीनपण इंडस्ट्रियलच असते, तिच्यात फक्त खालचे दात कापड ओढतात आणि पट्ट्याच्या जोडावर तुमचं 6-8 मिलीमीटर लेदर आलं की ती घसरते नाहीतर टाके सोडते. तुम्हाला वॉकिंग फूट, कंपाउंड फीडची हवी, म्हणजे जिच्यात दाबणारा पाय आणि सुईपण दातांबरोबर लेदर पुढे सरकवतात, ज्युकी 1541 किंवा कॉन्स्यू 206 त्या जातीतल्या. बघताना चाक हाताने हळू फिरवा, सुई लेदरमध्ये असताना सुई, आतला पाय आणि खालचे दात तिन्ही एकत्र सरकले पाहिजेत. सुई बसवायची दांडी हलवून बघा, खुळखुळत असेल तर झिजलीय. खाली फिरून सुईचा दोरा पकडणाऱ्या हुकचं टोक बोथट आहे का तेही बघा. विकणारा जीन्सच्या दोन पदरांवर छान शिवून दाखवेल, ते बघूच नका. आपलं लेदर, आपला 138 नंबरचा जाड दोरा घेऊन जा, सगळ्यात जाड जोड शिवा, मग उलटा टाका मारा, तो आधीच्याच भोकात पडतो का बघा, आणि तुकडा पालथा करून खालची शिवण तपासा. जुनी क्लच मोटर असेल तर ती पाय ठेवला की पळत सुटते, लेदरला हळू चालणारी सर्व्हो मोटर लागेल, तिचा खर्च भावातून कापून मागा. बॅगेचा गोल भाग शिवायचा असेल तर सपाट टेबलाची मशीन अडते, सिलिंडर आर्म, म्हणजे टेबलाऐवजी नळीसारखा हात असलेली लागते, हे आधीच ठरवा.

पुढच्या महिन्याचा हप्ता यायच्या आत टर्मचा फॉर्म भरा आणि पेड-अप केली तर किती मिळतील हे विचारणारा मेल कंपनीला टाका. मशीन पसंत पडली तर मॉडेल नंबर आणि शिवलेल्या तुकड्याचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, मग 90 हजाराबद्दल बोलू.