नाकाबंदीत संशय नसतानाही नळीत फुंकायला लावणे कायदेशीर आहे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : ३१ डिसेंबरच्या रात्री कुटुंबासह घरी परतताना नाक्यावर आपली गाडी थांबवली गेली, दारूचा थेंबही घेतलेला नसताना मुलांसमोर नळीत फुंकायला सांगितले गेले, सुरक्षिततेच्या नावाखाली निर्दोष माणसाची अशी तपासणी करणे हा व्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला नाही का, आणि आपण नकार दिला असता तर काय झाले असते? मी दंडाधिकारी न्यायालयात मोटार वाहन कायद्याखालील खटले चालवणारा वकील आहे. बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभा राहतो, आणि तरीही नाकाबंदी बंद व्हावी असे मला वाटत नाही.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण नाक्यावर त्या इतक्या झटपट एकामागून एक घडतात की आपल्याला त्या एकच वाटतात. गाडी थांबवणे ही एक आणि नळीत फुंकायला लावणे ही दुसरी. गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखवण्याचे बंधन मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० ने चालकावर घातलेलेच आहे आणि त्यासाठी संशयाची अट नाही. श्वासचाचणीचे तसे नाही. सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याने कलम १८५ खालचा, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याचा, गुन्हा केला असावा असा संशय घेण्यास पोलिसाकडे वाजवी कारण असेल, तर त्याला तेथेच किंवा जवळपास श्वासाचा नमुना द्यायला सांगता येते, असे कलम २०३ सांगते. शब्दशः वाचले तर रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडाशी सरसकट नळी धरण्याचा अधिकार या कलमात दिसत नाही. आधी संशय, मग नळी, असा तो क्रम आहे. काच खाली करायला लावून हवालदार ‘कुठून आलात, कुठे निघालात’ असे विचारतो, ते कुतूहलापोटी नव्हे. जीभ जड आहे का, वास येतो का, नजर ठरते का, हे त्या दोन वाक्यांत कळते आणि कायद्याला हवे असलेले ‘वाजवी कारण’ तेथेच मिळते किंवा मिळत नाही. आपल्याला हे काही न विचारता थेट फुंकायला सांगितले असेल, तर आपली तक्रार रास्त आहे. पण ती नाकाबंदीविरुद्धची नव्हे, नाक्यावर गाळल्या गेलेल्या त्या मधल्या पायरीविरुद्धची आहे.

संशय नसताना निदान थांबवावे तरी का, या प्रश्नावर अमेरिकेत जेवढा खल झाला तेवढा क्वचितच कुठे झाला असेल. मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ परगण्यात १९८६ मध्ये अशी एक नाकाबंदी लावली गेली. सव्वा तासात १२६ गाड्या थांबवल्या, प्रत्येक गाडीचे सरासरी २५ सेकंद गेले आणि दोन चालकांना अटक झाली. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९० मध्ये सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने नाकाबंदी वैध ठरवली : रस्त्यावरच्या मृत्यूंचे गांभीर्य एका पारड्यात आणि २५ सेकंदांचा खोळंबा दुसऱ्या पारड्यात. गंमत अशी की ज्या राज्यातून हा निकाल देशाला मिळाला, त्याच मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे ही पद्धत अवैध ठरवली. दोन्ही बाजूंना शहाणी माणसे होती, इतका हा प्रश्न अटीतटीचा आहे.

मला मात्र त्याआधीचा, १९७९ चा एक निकाल अधिक उपयोगी वाटतो. डेलावेअर राज्यातल्या एका प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गस्तीवरच्या पोलिसाने मनात आले म्हणून एखादीच गाडी बाजूला घेऊन कागदपत्रे तपासणे चालणार नाही. मात्र नाक्यावर येणाऱ्या सर्वच गाड्या थांबवण्याचा मार्ग त्याने मोकळा ठेवला. वरवर पाहता हे उलटे वाटते, कारण एकाला थांबवणे चूक आणि शंभरांना थांबवणे बरोबर कसे? पण स्वातंत्र्याला खरा धोका थांबवण्यात नसून निवडीत असतो. सर्वांना थांबवले की कोणाचाही अपमान होत नाही. पोलिसाच्या मर्जीने निवडले की कोणाचा होतो, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. मी दुचाकीवरून, हेल्मेट घालून, सर्व कागदपत्रे घेऊन जात असतो तेव्हा मला थांबवले जाते. सासऱ्यांच्या मोठ्या गाडीत पुढे चालक आणि मागे मी बसलेलो असतो तेव्हा तोच नाका हात हलवून वाट मोकळी करून देतो. वास्तविक मागे बसलेल्याने कितीही ढोसली असली तरी कायद्याला त्याचे काही नाही, आणि पुढे बसलेल्याचा श्वास मात्र कोणी पाहिलेलाच नसतो. म्हणून माझे म्हणणे असे की सर्वांना थांबवा, नाहीतर दर पाचवी किंवा दहावी गाडी थांबवा, पण आकडा आधी ठरलेला असावा आणि तो रस्त्यावर उभ्या हवालदाराने नव्हे, त्याच्या वरिष्ठाने ठरवलेला असावा. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये नाकाबंदीला मान्यता देताना जवळजवळ हेच पाहिले होते.

आपल्याकडे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या मानाने बेताचाच उपाय, या कसोट्या लागतात. नाकाबंदीचा हेतू रास्त आहे, याबद्दल वाद नसावा. तरी एक आक्षेप वारंवार येतो आणि तो फेटाळण्याजोगा नाही. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. सरकारी नोंदींनुसार त्यांत दारूच्या नशेमुळे गेलेल्यांचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, तर अतिवेगामुळे गेलेल्यांचे सत्तर टक्क्यांहून अधिक. मग एवढा खटाटोप कशाला? माझ्या अनुभवात अपघाताच्या कागदपत्रांत कारणाच्या रकान्यात एकच कारण लिहिले जाते, आणि चालक पळून गेलेला असला किंवा रक्ताचा नमुना उशिरा घेतला गेला, तर ‘भरधाव’ हा शब्द लिहिणे सर्वांनाच सोयीचे असते. प्यायलेला माणूस बहुधा वेगातच असतो. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या अपघातानंतर तर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. अपघातापूर्वी नाक्यावर, चार लोकांदेखत फुंकलेला श्वास असा बदलता येत नाही.

हेतू रास्त असला तरी तो जागचा हलता कामा नये. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहराने नाकाबंदी करून अमली पदार्थ शोधायला सुरुवात केली, तेव्हा २००० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच ती अवैध ठरवली. तत्काळ धोका टाळण्यासाठी दिलेली सूट सर्वसाधारण गुन्ह्यांच्या तपासासाठी वापरता येणार नाही, असा त्याचा आशय. हैदराबादेत २०२१ मध्ये पोलीस रस्त्यावर माणसे थांबवून त्यांच्या मोबाइलमधल्या गप्पांत ‘गांजा’ हा शब्द शोधत असल्याची चित्रफीत सर्वांनी पाहिली. मद्यपी चालकांसाठी लावलेल्या नाक्यावर डिकी उघडायला लावणे आणि मोबाइल मागणे याच जातीचे आहे. दारूचा वास डिकीत शोधायचा नसतो.

नळीत आकडा आल्यानंतरचे काम माझे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य, ही मर्यादा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांचा दंड किंवा दोन्ही. या गुन्ह्याची जागेवर तडजोड होत नाही, तो न्यायालयातच जातो, त्यामुळे नाक्यावर कोणी ‘इथेच मिटवून टाकू’ म्हणाला तर तो दंड नव्हे, हे ओळखावे. कलम २०२ नुसार या गुन्ह्यात अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा सोडून द्यावे लागते. ही तरतूद पोलिसांना जाचक वाटते. मला ती या कायद्यातली सर्वांत नेमकी तरतूद वाटते, कारण उशीर झाला की रक्तातले मद्यही उतरते आणि पुरावाही. तोंडाला वास, लडखडती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर माणूस नशेत होता असे सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात १९७१ मध्ये सांगून ठेवले आहे. म्हणजे वास हा संशयापुरता. शिक्षेसाठी मोजमाप हवे.

स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावू नये, या घटनेच्या कलम २०(३) चा आधार येथे फारसा मिळणार नाही. १९६१ च्या काठी कालू ओघड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे, हस्ताक्षर यांसारखे नमुने म्हणजे साक्ष नव्हे असे ठरवले, आणि श्वासही त्याच रांगेत बसतो.

आता नकाराविषयी. नकार हा स्वतःच गुन्हा आहे असे कायद्याचा हा भाग म्हणत नाही. परंतु श्वास द्यायला नकार दिला आणि रक्तात मद्य असल्याचा संशय घेण्यास पोलिसाकडे वाजवी कारण असले, तर कलम २०३ खाली वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, त्यानंतर कलम २०४ खाली रक्ताचा नमुना मागता येतो, आणि कलम २०५ प्रमाणे सबळ कारणाशिवाय दिलेला नकार खटल्यात आपल्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा मानला जाऊ शकतो. आपण प्यायलेला नव्हता, म्हणजे त्या रात्री नकाराने आपल्याला मिळण्यासारखे काही नव्हते. गेली असती ती सकाळपर्यंतची झोप, आणि मुलांनी पोलीस ठाणे पाहिले असते. पुढच्या वेळी नळी आपल्यासमोर वेष्टनातून नवी काढायला सांगावी, माउथवॉश किंवा खोकल्याचे मद्ययुक्त औषध नुकतेच घेतले असेल तर तसे सांगून पंधरा मिनिटे थांबून दुसरा नमुना द्यावा, आणि पडद्यावरचा आकडा स्वतः पाहून घ्यावा. मधली पायरी गाळली गेली याबद्दलची लेखी तक्रार दुसऱ्या दिवशी, वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या नावे, नाक्याचे ठिकाण आणि वेळ नमूद करून द्यावी. अशी तक्रार फार थोडे लोक करतात, आणि करतात तेही बहुधा प्यायलेले निघतात.