‘टेक इट ऑन द चिन’ : धीर की नुकसान?

प्रश्न : ‘टेक इट ऑन द चिन’ हा इंग्रजी वाक्प्रचार एका खेळाडूच्या कौतुकात वाचला, आणि शेअर बाजार कोसळल्याच्या बातमीतही. दोन्हीकडे अर्थ एकच का? ‘बाइट द बुलेट’ आणि ‘रोल विथ द पंचेस’ हेही त्याच अर्थाचे समजायचे का?

उत्तर : अर्थ दोन आहेत. मूळ मुष्टियुद्धातले. ‘चिन’ म्हणजे हनुवटी. ती मानेपासून लांब, जबड्याच्या टोकाला. तिथे ठोसा बसला की डोके झटक्यात फिरते, मेंदूला हिसका बसतो आणि शुद्ध हरपते. म्हणूनच हनुवटी छातीकडे दाबून ठेवायला शिकवतात. तिथेच ठोसा खाऊन जो उभा राहतो, तो खमका. यातून पहिला अर्थ आला : पराभव, टीका किंवा नकार कुरकुर न करता पचवणे.

दुसरा अर्थ नुसता जबर फटका बसण्याचा. तो मुख्यतः अमेरिकी इंग्रजीत, त्यातही आर्थिक बातम्यांत दिसतो. ‘शेअर्स टुक इट ऑन द चिन’ यात धैर्य शोधू नये. शेअर आपटले, एवढेच. कर्ता निर्जीव असेल तर बहुधा हाच अर्थ. ‘गुंतवणूकदार’ असा कर्ता आला तर मात्र पुढचे वाक्य वाचल्याशिवाय ठरवू नका.

वापरताना दोन चुका हमखास होतात. ‘द चिन’च्या जागी ‘हिज चिन’ लिहिले जाते. ते चालत नाही. आणि काय सोसले ते सांगायचे असेल तर ते ‘इट’च्या जागी येते : ‘शी टुक द क्रिटिसिझम ऑन द चिन’. दोन्ही एकत्र नकोत. दुःखात असलेल्या माणसाला हा वाक्प्रचार सल्ला म्हणून ऐकवणे आमच्या मते निष्ठुरपणाच.

बाकीच्या दोघांशी फरक मुख्यतः काळाचा. ‘ऑन द चिन’मध्ये आघात होऊन गेलेला असतो. ‘बाइट द बुलेट’मध्ये नकोसे काम अजून पुढे असते, टाळाटाळ सोडून ते उरकायचे असते. फटके खाताना ओरडू नये म्हणून सैनिक गोळी चावत, अशी नोंद फ्रान्सिस ग्रोस यांच्या बोलीकोशाच्या १७९६च्या आवृत्तीत आहे. ‘रोल विथ द पंचेस’ तर जवळपास उलट : ठोसा येतो त्याच दिशेने अंग वळवून त्याचा जोर कमी करायचा, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या अडचणींशी जुळवून घ्यायचे. बदलत्या वेळापत्रकाला हा शोभतो, निवडणुकीतल्या पराभवाला ‘ऑन द चिन’.

प्रश्न : मग ‘स्टिफ अपर लिप’?

उत्तर : शब्दशः ‘ताठ वरचा ओठ’. तो चेहऱ्यापुरता. रडू येताना ओठ थरथरतो, तो थरथरू न देणे म्हणजे भावना दिसू न देणे. डोळ्यांत पाणी आणून, पण तक्रार न करता हार मान्य केली, तर ‘ऑन द चिन’ बरोबर आणि ‘स्टिफ अपर लिप’ चूक. हा खास ब्रिटिश बाणा मानला जातो खरा. पण सापडलेले जुने लेखी वापर १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतले आहेत.